जिभेची वीस संकटे आणि मोबाईलचा पडदा : इंदूरच्या दोन घटनांच्या प्रकाशात एक समीक्षा

इस्लामी नीतिविचार आणि इंटरनेट हा विषय निघाला की महाविद्यालयांतील व्याख्याने बहुधा एकाच वाटेने जातात. काय पाहू नये, किती वेळ पाहू नये, मुलींनी आपले छायाचित्र ठेवावे की नाही, एवढ्यावर तास संपतो. हे प्रश्न निरर्थक नाहीत. तथापि इस्लामी वाङ्मयात या विषयाच्या जवळचे जे सखोल विवेचन झाले आहे, ते मुख्यतः वाणीसंबंधी आहे. ऐकलेली गोष्ट पुढे देणारा माणूस त्या गोष्टीला किती जबाबदार, हा त्या विवेचनातील कळीचा प्रश्न होय. आजचा विद्यार्थी दिवसातून कित्येकदा ऐकलेले, पाहिलेले एका बोटाने पुढे देत असतो; आणि नेमका हाच प्रश्न वर्गात क्वचित विचारला जातो.

प्रस्तुत लेखात इमाम गजाली (रह.) यांच्या ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथातील वाणीविषयक प्रकरणाची समीक्षा या दृष्टीने केली आहे. कसोटी म्हणून इंदूर शहराशी निगडित दोन घटना घेतल्या आहेत : एप्रिल २०२० मधील टाटपट्टी बाखलची दगडफेक आणि जानेवारी २०२२ मधील एक अटक. पहिल्या घटनेत मुस्लिम वस्तीतील काही लोक चुकले, तर दुसऱ्या प्रकरणात मुस्लिम स्त्रियांवर अन्याय झाला. दोन्ही ठिकाणी एकच माप लावता येते काय, आणि ते माप आजही पुरेसे आहे काय, हे पाहावयाचे आहे.

लेखणी हीदेखील जीभच

इमाम गजाली (१०५८-११११) यांचा ‘इह्या’ चार भागांत विभागलेला असून प्रत्येक भागात दहा, अशी एकूण चाळीस प्रकरणे आहेत. माणसाचा नाश करणाऱ्या दोषांचा जो तिसरा भाग, त्यात ‘आफातुल् लिसान’ म्हणजे जिभेची संकटे हे प्रकरण येते. त्यात वीस संकटे क्रमाने सांगितली आहेत. निष्कारण बोलणे व अतिबोलणे यांपासून आरंभ होतो. पुढे वितंडवाद, अश्लील बोलणे, शाप देणे, टवाळी, गुपित फोडणे, खोटे वचन, असत्य, गीबत म्हणजे माघारी निंदा, नमीमा म्हणजे चहाडी, दुतोंडीपणा आणि तोंडावर स्तुती असा पट उलगडत जातो. गजाली यांनी स्वतःच फारसीत लिहिलेल्या ‘कीमिया-ए-सआदत’मध्येही हा विषय आला असून त्या ग्रंथाच्या उर्दू भाषांतरांमुळे तो भारतातील सामान्य वाचकापर्यंत पोहोचला.

या प्रकरणाचे आजच्या संदर्भातील महत्त्व एका मुद्द्यात आहे. निंदा केवळ उच्चारलेल्या शब्दाने होते असे गजाली मानत नाहीत. डोळ्याच्या खुणेने, हातवाऱ्याने, एखाद्याच्या चालण्याची नक्कल करून, तसेच लिहूनही ती होते असे ते स्पष्ट सांगतात आणि लेखणीची गणना जिभेतच करतात. नवव्या शतकापासून कागदावर ग्रंथ नकलून घेण्याचा प्रघात ज्या संस्कृतीत रुजला होता, तिला लिहिलेला शब्द बोललेल्यापेक्षा दूर जातो हे ठाऊक होते. त्यामुळे ‘आपण काही बोललो नाही, फक्त पुढे पाठवले’ हा बचाव गजालींच्या चौकटीत टिकत नाही. किंबहुना निंदा रुचीने ऐकणारासही ते निंदकाचा भागीदार ठरवतात. ऐकणाऱ्याने हटकावे, ते न जमल्यास विषय बदलावा वा उठून जावे, अगदीच अशक्य असल्यास मनातून तरी नापसंती ठेवावी. व्हॉट्सॲपच्या गटात एखाद्याची बदनामी चालली असताना हसरे चिन्ह टाकणारा सदस्य कोठे बसतो, हे यावरून सहज ठरते.

चहाडी कानावर आली तर काय करावे, याची सहा कर्तव्ये गजालींनी दिली आहेत. सांगणाऱ्यावर एकदम विश्वास ठेवू नये; त्याला त्यापासून परावृत्त करावे; त्याचे हे कृत्य अल्लाहसाठी नापसंत करावे; गैरहजर बंधूविषयी मन कलुषित करू नये; त्याच्या दोषांचा शोध घेत बसू नये; आणि ते बोलणे स्वतः पुढे नेऊ नये. यातील सहावे कर्तव्य आजच्या विद्यार्थ्याला समजावण्यास सर्वांत सोपे आहे. खरी अडचण पाचव्यात आहे.

‘शहानिशा करा’ आणि ‘धुंडाळू नका’

पाचवे कर्तव्य सूरह अल्-हुजुरातच्या बाराव्या आयतीवर आधारलेले आहे. तेथे संशय, हेरगिरी (तजस्सुस) आणि गीबत या तिन्हींना मनाई आहे. परंतु त्याच सूरहच्या सहाव्या आयतीत बेभरवशाच्या माणसाने बातमी आणल्यास तिची शहानिशा करण्याचा आदेश आहे; अन्यथा अजाणतेपणी एखाद्या जनसमूहाला इजा होऊन पश्चात्ताप करावा लागेल, असा इशाराही आहे. अठरा आयतींच्या लहानशा सूरहमध्ये एकदा ‘तपासा’ आणि एकदा ‘धुंडाळू नका’ असे सांगितले जाते. गजाली या प्रकरणात दोन्ही आधार घेतात, पण शहानिशेची सीमा कोठे संपते व तजस्सुसची कोठे सुरू होते, हे ते सविस्तर उलगडून दाखवत नाहीत. हा या प्रकरणातील उणेपणा मानावा लागेल, कारण आजचा बहुतेक गोंधळ याच सीमेवर होतो. शेजाऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावताना लोक ‘खरे काय ते पाहतो’ म्हणतात, आणि सार्वजनिक हानी करणारी बातमी तपासण्याची वेळ आली की ‘आपल्याला काय करायचे’ म्हणतात.

दोन्ही आयतींचा रोख पाहिला तर सीमा स्पष्ट होते. सहाव्या आयतीत प्रश्न आहे तो बातमीवरून होणाऱ्या कृतीचा आणि एका समूहाला पोहोचणाऱ्या इजेचा. बाराव्या आयतीत प्रश्न आहे तो व्यक्तीच्या झाकल्या दोषाचा. ज्या बातमीमुळे कोणावर हात उगारला जाईल, कोणाचा रोजगार जाईल, ती तपासणे बंधनकारक. ज्या गोष्टीने फक्त कोणाची अब्रू जाईल, ती झाकून ठेवणे बंधनकारक. एवढा निकष विद्यार्थ्याच्या हाती दिला तरी पुष्कळ झाले.

येथे भाषेची साक्ष उद्‌बोधक आहे. मराठी व उर्दूतील ‘अफवा’ हा शब्द अरबी ‘अफवाह’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘तोंडे’ असा आहे. सूरह अन्-नूरमध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्यावरील आळाचा प्रसंग येतो, तेथे ज्ञान नसलेली गोष्ट तोंडांनी बोलत राहण्याचा दोष सांगताना हाच शब्द योजला आहे. उलट शहानिशेसाठी मराठीत रूढ असलेला ‘खातरजमा’ हा शब्द ‘खातिर जमा’ या फारसी-उर्दू प्रयोगातून आला. उर्दूत त्याचा अर्थ मन शांत, निश्चिंत असणे असा आहे. हुजुरातच्या सहाव्या आयतीचेही दोन मान्य पाठ आहेत. प्रचलित पाठात ‘उलगडा करून घ्या’ असा अर्थ निघतो. हम्जा व किसाई या कूफा येथील कारींच्या पाठात ‘थांबा, स्थिर व्हा’ असा निघतो. मराठीच्या एका ‘खातरजमा’त हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. चित्त स्थिर झाल्याशिवाय तपास होत नाही आणि तपासाशिवाय चित्त स्थिर होत नाही.

टाटपट्टी बाखल, एप्रिल २०२०

कोरोना साथीच्या पहिल्या आठवड्यांत देशातील जी शहरे सर्वाधिक होरपळली त्यांत इंदूर होते. १ एप्रिल २०२० रोजी शहरातील टाटपट्टी बाखल या दाट मुस्लिम वस्तीत आरोग्य पथक बाधिताच्या संपर्कातील लोकांची तपासणी करण्यास गेले असता जमावाने त्यावर दगडफेक केली. पथकातील दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. निरोगी मुसलमानांना उचलून नेऊन विषाणू टोचला जातो, अशा आशयाचे संदेश व चित्रफिती त्याआधी व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या, असे तत्कालीन वार्तांकनातून पुढे आले. अटकसत्र झाले आणि काहींवर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावण्यात आला. त्या डॉक्टर मात्र दुसऱ्याच दिवशी पुन्हा कामावर हजर झाल्या.

भाष्यकारांनी हुजुरातच्या सहाव्या आयतीचा जो प्रसंग नोंदवला आहे, तो येथे आठवल्यावाचून राहत नाही. वलीद बिन उकबा यांना बनू मुस्तलिक या टोळीकडे जकात आणण्यासाठी पाठवले होते. टोळीचे लोक स्वागतासाठी बाहेर पडले. ते मारण्यास येत आहेत अशा भीतीने वलीद परतले आणि टोळीने जकात नाकारल्याचे सांगून मोकळे झाले. भेटीस येणाऱ्याला शत्रू समजणे, ही त्या घटनेची मुळातील चूक. टाटपट्टी बाखलमध्ये उपचारास येणाऱ्याला शत्रू समजण्यात आले. सूरह अन्-निसाची ८३ वी आयत तर अधिकच नेमकी आहे : सुरक्षिततेची वा भीतीची बातमी येताच ती सर्वत्र पसरवणाऱ्यांना तेथे दोष दिला असून, ती जाणत्या व जबाबदार लोकांकडे न्यावी असे सुचवले आहे. साथीच्या काळात असे जाणते लोक म्हणजे डॉक्टर. इंदूरमध्ये दगड त्यांच्यावरच पडले.

तथापि समीक्षा येथेच थांबली तर ती अपुरी राहील. त्या दिवशी पसरण्याच्या क्रिया दोन झाल्या. वस्तीच्या आत भीतीचा संदेश पसरला. वस्तीबाहेर दगडफेकीची चित्रफीत पसरली आणि मूठभरांच्या गुन्ह्याचे खापर देशभरच्या समाजावर फोडले गेले. दिल्लीतील तबलीगी मरकजच्या घटनेनंतर वातावरण आधीच तापलेले होते. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे निरीक्षण नोंदवले व माध्यमांतील प्रचारावरही ताशेरे ओढले. मात्र निकाल येईपर्यंत पसरलेला समज काही आपोआप पुसला जात नाही.

अफवेला बळी पडणे हा कोणा एका समाजाचा दोष नव्हे, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. यंत्राने लगाम घातला. लगाम कोणासाठी, हे मात्र यंत्र शिकवू शकत नाही.

माफीची जाहिरात

दगडफेकीनंतर काही दिवसांतच इंदूरच्या मुस्लिम समाजाच्या वतीने वृत्तपत्रात माफीची जाहिरात प्रसिद्ध झाली. तिची चर्चा औदार्य किंवा लाचारी या दोनच टोकांवर झाली. नीतिशास्त्राच्या अंगाने तिचा विचार करता दोन गोष्टी दिसतात.

पहिली अशी की तौबाविषयीचे परंपरागत तत्त्व तिने पाळले. गुप्त पापाची तौबा गुप्तपणे, उघड पापाची उघडपणे, असे ते तत्त्व आहे. शिवाय माणसाचा हक्क मारला गेला असेल तर केवळ अल्लाहपुढे क्षमायाचना पुरत नाही, त्या माणसाचीही क्षमा मागावी लागते. डॉक्टर, परिचारिका व पोलीस यांची माफी मागणे म्हणूनच धर्माला धरून होते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहत नाही, हे कुरआनचे वारंवार येणारे सूत्र आहे. ज्यांनी दगड उचलला नाही, संदेशही पाठवला नाही, त्यांनी माफी का मागावी? ही माफी अपराधाची कबुली मानली तर ती चुकीची ठरते. तिच्याकडे शेजारधर्माची जबाबदारी म्हणून पाहिले, आपल्या गल्लीत खोटा संदेश फिरताना आपण तो अडवला नाही एवढ्यापुरती पाहिली, तर ती सार्थ ठरते. ऐकणाऱ्याने हटकले पाहिजे हे गजालींचे म्हणणे येथे एका व्यक्तीवरून संपूर्ण वस्तीला लागू होते. मात्र एक विसंगती उरतेच. अफवा मोबाईलवरून गेली आणि माफी वृत्तपत्रातून. ज्या गटांतून खोटे फिरले त्याच गटांतून खरे फिरवणे, हा दुरुस्तीचा अर्धा भाग होय. सूरह अल्-बकरहमध्ये सत्य लपवणाऱ्यांच्या तौबाला स्पष्टीकरणाची जोड देण्याची अट आहे (आयत १६०), ती याच अर्थाने घेतली पाहिजे.

लिलावाचे ॲप

दुसरी घटना वेगळ्या जातीची आहे. जुलै २०२१ मध्ये गिटहब या संकेतस्थळावर एक ॲप उघडकीस आले. त्यात ऐंशीहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांतून उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. १ जानेवारी २०२२ रोजी तशाच दुसऱ्या ॲपचा प्रकार समोर आला. त्यानंतर त्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी पहिले ॲप तयार केल्याच्या आरोपावरून इंदूरमधून एका तरुणाला अटक केली. ॲपचे नावच एक शिवी असल्याने ते येथे देण्याचे कारण नाही.

आरोपी मुस्लिम नाही. त्याच्यासाठी देशाचा कायदा आहे. प्रश्न आहे तो मुस्लिम वाचकाने, विशेषतः शिक्षकाने, या प्रसंगी कसे वागावे हा. अशा वेळी पहिली प्रतिक्रिया उमटते ती ‘छायाचित्र ठेवलेच कशाला’ अशी. सूरह अन्-नूरची दिशा याच्या नेमकी उलट आहे. आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, न आणल्यास शिक्षा त्याला, आणि त्याची साक्ष यापुढे ग्राह्य नाही. पुराव्याचे संपूर्ण ओझे बोलणाऱ्यावर आहे, जिच्याविषयी बोलले जाते तिच्यावर नाही. हजरत आयशा (रजि.) काफिल्यापासून मागे का राहिल्या याची चौकशी त्या आयतींत नाही, ऐकताक्षणीच चांगला विचार का केला नाही, असा सवाल मात्र ऐकणाऱ्या पुरुषांना व स्त्रियांना केला आहे. त्या आळात सामील झालेल्यांत मिस्तह यांच्यासारखे सच्चे मुसलमानही होते. भल्या माणसांकडूनही हे घडते, हा त्या प्रसंगाचा धडा आहे. त्याच वेळी हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) यांनी सवत असूनही आयशा (रजि.) यांच्याविषयी चांगलेच सांगितले, हेही तेथेच नोंदलेले आहे.

दुसरी चूक सद्‌हेतूने होते. संताप व्यक्त करण्यासाठी लोक त्या पानाची चित्रे पुढे पाठवू लागतात. या ठिकाणी गजालींचे निरीक्षण फार सूक्ष्म आहे. निंदेची कारणे सांगताना द्वेष, टवाळी, मत्सर अशी सर्वसामान्यांची आठ कारणे दिल्यावर धार्मिक माणसांपुरती तीन कारणे ते वेगळी देतात : आश्चर्य, दया आणि अल्लाहसाठी येणारा राग. या तिन्ही भावना चांगल्या, परंतु त्या व्यक्त करताना त्या व्यक्तीचे नाव घेतले की माणूस नकळत निंदेत शिरतो. दयेपोटी पीडितेचे छायाचित्र पसरवणारा तिचा लिलाव आणखी एका चावडीवर नेतो. तक्रार करण्यासाठी पुरावा पोलिसांना देणे ही गोष्ट वेगळी. अन्यायाची दाद मागणे, गैरकृत्य थांबवण्यास मदत मिळवणे आणि लोकांना हानीपासून सावध करणे यांना गजाली मोकळीक देतात. पुरावा योग्य हाती द्यावा, चावडीवर नव्हे.

तिसरी चूक प्रत्युत्तराची. त्या समाजाच्या स्त्रियांविषयी तसेच लिहून सूड उगवणे हे हुजुरातच्या अकराव्या आयतीला छेद देते. तेथे टवाळीची मनाई करताना स्त्रियांचा वेगळा उल्लेख आहे. दुसऱ्याच्या आईबापांना शिवी देणारा स्वतःच्याच आईबापांना शिवी मिळवून देतो, हा हदीसचा आशयही सर्वपरिचित आहे.

प्रकरणाच्या मर्यादा

गजालींच्या प्रकरणाचे हे मोल मान्य करूनही त्याच्या मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे त्यांचा बोलणारा समोर असतो. त्याला ओळखता येते, हटकता येते. आज मूळ बोलणारा निनावी असतो आणि ऐकणारे किती हे कोणालाच ठाऊक नसते. दुसरी, मौन हाच त्यांचा मुख्य उपाय आहे. गीबतपुरता तो रामबाण. परंतु खोटी बातमी पसरत असताना जाणत्याचे मौन खोट्याला मोकळे रान देते. तिसरी मर्यादा ग्रंथाच्या घडणीची आहे. ‘इह्या’त दुर्बल व निराधार हदीसही आल्याची टीका इब्नुल जौजी (मृ. १२०१) यांनी केली, आणि जैनुद्दीन इराकी (मृ. १४०४) यांनी ग्रंथातील हदीसींचा माग काढून त्यांचा दर्जा नोंदवला. जिभेला आवर घालण्यास सांगणाऱ्या ग्रंथातच न तपासलेली कथने असावीत, हे विलक्षण वाटते. पण परंपरेची खरी ताकदही येथेच दिसते : इतक्या आदरणीय ग्रंथालाही तिने ‘हे कोणी सांगितले’ असे विचारण्यास संकोच केला नाही.

या तिसऱ्या मर्यादेतूनच पहिल्या दोहोंवरचा उपाय हाती येतो. हदीसशास्त्राने कथन करणाऱ्या प्रत्येकाला साखळीतील एक कडी मानले. त्याची स्मरणशक्ती, सचोटी आणि त्याने खरोखर ऐकले काय, हे तपासले. अशी तपासणी म्हणजे गीबत नव्हे काय, ही शंका तेव्हाही निघाली होती. धर्माच्या रक्षणासाठी ती आवश्यक आहे असे उत्तर विद्वानांनी दिले. ऐकलेले सर्व सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरण्यास पुरे आहे, या आशयाची हदीस इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेतच घातली, ती याच भूमिकेतून.

अध्यापनाच्या दृष्टीने निष्कर्ष असा की ऑनलाइन आचार हा विषय मनाई-यादीच्या रूपाने न शिकवता कथनकर्त्याच्या जबाबदारीच्या रूपाने शिकवावा. फिरत आलेला एखादा संदेश फळ्यावर लिहून वर्गाला चार प्रश्न विचारता येतील : हे प्रथम कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले होते काय? खोटे ठरल्यास इजा कोणाला होईल? आणि खरे असले तरी सांगितल्याने कोणाची अब्रू जाईल? पहिले तीन प्रश्न सहाव्या आयतीचे आहेत, चौथा बाराव्या आयतीचा. उर्दूच्या तासाला, मराठीच्या तासाला किंवा नागरिकशास्त्राच्या तासाला हा पाठ सारखाच घेता येतो; त्यासाठी निराळा विषय अभ्यासक्रमात येण्याची वाट पाहावी लागत नाही. टाटपट्टी बाखलमध्ये तो संदेश मिळालेल्यांपैकी काहींनी जरी हे प्रश्न स्वतःला विचारले असते, तर तपासणीस आलेल्या डॉक्टरांना गल्लीतून जीव वाचवून पळावे लागले नसते.